डाव्या सीटवरून

बूढापारा, रायपूर
९ नोव्हेंबर २०२४

ती. गुलाबदादास,
कलावतीचा सप्रेम जयभीम वि. वि.

तुझं पत्र पोचलं. वहिनीचा गुडघा आता बरा आहे हे वाचून जिवाले बरं वाटलं. फोनवर तुले ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलली तर अख्खा पारा-मोहल्ला ऐकतो. म्हणून आपलं हे पत्रांचंच बरं. यशदीप, त्याची बायको मजेत. दीक्षाचे पुढचे दोन दात पडले, आता ‘स’ म्हणताना शिट्टी वाजते. मराठी सगळी समजते पोट्टीले, पण उत्तर हिंदीतच.

यशदीप नवा रायपूरच्या क्वार्टरमध्ये राहायले गेला, तरी दर रविवारी नातीले आणायले आमची जर्मनवाली जाते म्हणजे जातेच. तुले काय सांगायचं तिचं कौतुक! भनपुरीच्या गोदामातून, धानाच्या भुशाखालून तिले काढायले तूच तर यांच्यासंगं गेला होतास. राइसमिलवाल्यानं हौसेनं घेतलेली सत्त्याण्णवची बीएमडब्ल्यू, उंदरांनी सीटच्या चिंध्या केलेल्या. तुम्ही दोघांनी तिचा एकेक नट धुतला, तेव्हा मी हसली होती. पोलादाच्या प्लांटमधून रिटायर झाल्यावर लोकं दुपारच्या झोपा काढतात. हे गल्लीच्या तोंडाशी, शेजारच्या कौमुदीताईंच्या फाटकात, ती उभी असते तिथं जाऊन तिचं बॉनेट पुसत बसतात. माझा चष्मा एवढ्या प्रेमानं कधी पुसला नाही.

आता खरी गोष्ट लिहिते. दादा, मले भीती वाटून राहिली आहे. गेल्या रविवारी सिग्नल हिरवा झाला आणि हे हललेच नाहीत. मागून हॉर्नवर हॉर्न. मी पाहिलं तर डोळे उघडे, हात स्टिअरिंगवर, पण माणूस तिथं नव्हता. मी दंड हलवला, हाक मारली. जरा वेळानं जसं काही झालंच नाही असे पहिला गिअर टाकून निघाले. मी विचारलं तर म्हणे, सिग्नल आत्ताच तर सुटला. मागे एकदा घरीही चहाचा कप असाच हातात कलंडला होता, सगळा चहा मांडीवर सांडला तरी यायले कळलं नाही. तेव्हा मी वयावर ढकललं होतं.

यशदीपले सांगितलं तर तो दुसऱ्याच दिवशी गाडी विकेल, आणि गाडी गेली तर हे किती दिवस धड राहतील सांगता येत नाही. मी काय करू? उत्तर कौमुदीताईंच्या पत्त्यावर पाठव. घरी आलेलं पत्र हेच आधी फोडतात.

वहिनीले जयभीम. धाकटीवरची माया कमी होऊ देऊ नको.
तुझी,
कलावती

•

नागपूर
१७ नोव्हेंबर २०२४

चि. कलावती हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि जेवण गेलं नाही. तू विचारतेस काय करू. पहिलं काम, दीक्षाला त्या गाडीत बसवू नकोस. दुसरं, भूषणरावांना डॉक्टरकडे ने, डोक्याच्या डॉक्टरकडे. तिसरं, तूही बसू नकोस. मला माहीत आहे, तिसरं तू ऐकणार नाहीस.

आमच्या वर्कशॉपमध्ये एक ड्रायव्हर होता. चांगला, निर्व्यसनी माणूस. असाच मधेच गप्प व्हायचा. आम्ही त्याला साधुबाबा म्हणून चिडवायचो. पुढे काय झालं ते लिहीत नाही, पण त्याच्या गाडीत माणसं होती एवढं ध्यानात ठेव. तेव्हापासून कोणी गाडी चालवताना गप्प झालं की मी त्याला आधी गाडी बाजूला घ्यायला लावतो.

गंमत बघ, याच आठवड्यात भूषणरावांचंही पत्र आलं. इंजिनखालचे रबर माउंट नागपुरात मिळतात का, वायपरची काडी कुठे मिळेल, दोन पानं नुसती गाडी. तब्येतीचा एक शब्द नाही. मी त्यांना तब्येत कशी आहे एवढंच विचारलं आहे. तुझं नाव घेतलेलं नाही. पण फार दिवस हे गुपित मला पोटात ठेवता येणार नाही.

मी त्या गाडीवर कमी प्रेम केलेलं नाही, कले. पण ती लोखंड आहे. लगेच लिही.
तुझा दादा,
गुलाबराव

•

बूढापारा, रायपूर
२४ नोव्हेंबर २०२४

प्रिय गुलाबभाऊ,
स. ज. भी. वि. वि.

तब्येतीचं विचारलंत. खरं सांगू का? तुम्हालाच सांगतो, दुसऱ्या कोणाला नाही. कलाला कळू देऊ नका, ती घाबरून जाईल.

माझ्यात काहीतरी तुटून राहिलं आहे. मधला तुकडा गायब होतो. मी तेलीबांध्याच्या तलावापाशी असतो आणि एकदम पुढच्या चौकात असतो. मधला रस्ता कोणी चालवला, मला माहीत नाही. पहिल्यांदा वाटलं, विचारात होतो. आता मी गाडी चालवताना मनातल्या मनात त्रिशरण म्हणतो, अखंड. मधेच धागा तुटला की समजतो, गेलो होतो. परवा कौमुदीताईंच्या फाटकात, इंजिन बंद ठेवून, नुसताच बसलो होतो. तिथंही धागा तुटला. तुटला तेव्हा उजेड होता, जुळला तेव्हा अंधारलं होतं आणि कौमुदीताई काचेवर टकटक करत होत्या. त्या हसून गेल्या.

प्लांटमध्ये मी भट्टीपाशी उभं राहून नोकरी केली. भीती म्हणजे काय ते मला माहीत आहे असं वाटायचं. पण ती भीती समोर असायची. ही आतून येते आणि येताना दिसत नाही.

तुम्ही म्हणाल, चालवू नका. हायवेला मी जात नाही आता. पण रविवारचं कसं बंद करू? दीक्षा गॅलरीत उभी असते, जर्मनवाली दिसली की टाळ्या वाजवते. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागेल. कारण दिलं की मी पेशंट झालो. आणि भाऊ, त्या सीटवर बसलो, क्लच सोडला, ते सहा सिलिंडर एका सुरात बोलायला लागले, की मी अजून पूर्ण आहे असं वाटतं. तेवढं एकच ठिकाण उरलं आहे.

रबर माउंट मिळाले तर पाठवा. आपुलकी आहे तशी ठेवा.
आपला,
बुद्धभूषण

•

नागपूर
२९ नोव्हेंबर २०२४

प्रिय भूषणराव,
जयभीम.

पत्र आत्ताच मिळालं. लांबण लावत नाही. रविवारी गाडी काढू नका. आजच किल्ली कलावतीच्या हातात द्या आणि मला जे लिहिलंत ते तिला सांगा. ती तुम्हाला वाटते तेवढी घाबरट नाही, आणि तुम्हाला वाटतं तेवढी अजाणही नाही. याहून जास्त मी लिहू शकत नाही.

फोन लावला होता. तुम्ही काय बोललात ते मला ऐकू आलं नाही, आणि मी काय बोललो ते तुम्ही हसण्यावारी नेलंत असं बायको सांगते. म्हणून हे स्पीड पोस्टनं पाठवतो. पुढच्या आठवड्यात मी स्वतः येतो. तोवर, भाऊ समजून तरी, माझं ऐका.
तुमचाच,
गुलाबराव

•

बूढापारा, रायपूर
४ डिसेंबर २०२४

ती. दादास,
सप्रेम जयभीम वि. वि.

तुझं यांच्या नावचं पत्र सोमवारी आलं. रविवार होऊन गेला होता. आधीच सांगते, आम्ही तिघंही धडधाकट आहोत. आता बसून वाच.

मी ठरवलं होतं, या रविवारी जाऊ द्यायचं नाही. पोट दुखते म्हटलं, तर हे एकटेच निघाले. एकटं कसं पाठवू? बसली. जाताना काही झालं नाही. येताना दीक्षा मागे होती, खिडकीतून हात काढू नको म्हणून मी तिले रागावत होती. नवा रायपूरचे ते रस्ते तुले माहीत आहेत, एवढे रुंद आणि एवढे रिकामे की माणसाले वेगाचा अंदाजच राहत नाही. पुढे गोल चौक होता. चौकाच्या कडेला झाडाले पाणी घालणाऱ्या बाया टँकरपाशी बसून डबा खात होत्या. मी यायले म्हटलं, हळू घ्या. वेग तोच. मी वळून पाहिलं आणि दादा, तोच चेहरा. डोळे उघडे, आत कोणी नाही.

हाक मारली. दंड ओढला. पाय ॲक्सिलेटरवर तसाच पडलेला. त्या बाया मोठ्या मोठ्या होत चालल्या. एकीनं हातातला घास तसाच धरून वर पाहिलं, तिच्या लुगड्याचा हिरवा रंग अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मी कधी गाडी शिकली नाही. पण इतकी वर्षं त्या डाव्या सीटवर बसून यांचा हात कुठून कुठे जातो ते पाहिलं आहे. दोन्ही हातांनी गिअरचा दांडा मधे, न्यूट्रलले ओढला. इंजिन असं किंचाळलं की मले वाटलं फुटलं. मग स्टिअरिंग माझ्या बाजूले वळवलं आणि हँडब्रेक ओढत गेली. एकदम नाही, थोडा थोडा, हे घाटात ओढतात तसा. गाडी मुरमात उतरली, घसरली, आणि थांबली. बाया उठून पळाल्या होत्या, मग त्याच आमच्याकडे धावत आल्या.

धूळ खाली बसेपर्यंत हे परत आले. मले म्हणे, इथं काहून थांबलो? मागून दीक्षा रडत म्हणाली, दादाजी, आप कहाँ चले गए थे.

हे उतरले. गाडीच्या मागे जाऊन डिकीवर हात टेकून उभे राहिले. मी गेली तर रडून राहिले होते. म्हणे, मले माहीत होतं. मी म्हटलं, मलेही. एकाच घरात, एकाच ताटातून जेवून, आम्ही दोघं एकमेकांपासून एकच भीती लपवत होतो.

डॉक्टरनं सांगितलं, हा मिरगीचाच एक प्रकार आहे, झटके न येणारा. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर हो म्हणेपर्यंत गाडी चालवायची नाही, आणि या वयात ते कधी म्हणतील याची हमी देत नाहीत. यशदीप सकाळी म्हणाला की गाडी विकतो, गिऱ्हाईक तयार आहे. हे मान खाली घालून हो म्हणाले. लढले असते तर मले बरं वाटलं असतं.

तेव्हा मी म्हटलं, विकायची नाही. मी शिकते.

सगळे माझ्याकडे असे पाहू लागले जशी मिरगी मलेच आली. तुले काय वाटते ते लिही.
तुझी,
कलावती

•

नागपूर
१२ डिसेंबर २०२४

चि. कलावतीस,
आशीर्वाद.

आलो होतो तेव्हा सर्वांसमोर बोलता आलं नाही, म्हणून लिहितो. विकून टाका. मी, ज्यानं त्या गाडीच्या सायलेन्सरमधून उंदराचं घरटं काढलं, तो सांगतो आहे. तुझी साठी उलटली आहे. तू सायकलसुद्धा कधी नीट चालवली नाहीस. एकदा वाचलात ते नशीब, ते रोज मागायचं नसतं.

तू म्हणालीस, ती गाडी गेली तर हे घरात असूनही नसतील. मला कळतं. पण मला तुम्ही दोघं हवे आहात, कसेही. रागावू नकोस. भीतीनं लिहितो आहे.

आणि तरीही ऐकणार नसशील, ते मला माहीतच आहे, तर आधी ड्रायव्हिंग स्कूलच्या लहान गाडीवर शीक. जर्मनवालीचा क्लच फार वर सुटतो, घाई केली की बंद पडते. सीट पुढे घे. तुझी उंची कमी आहे, पाठीला उशी लाव. आरशात बघत जा.

हे लिहिलं म्हणून मी हो म्हटलं असं समजू नकोस.
काळजीत असलेला,
दादा

•

बूढापारा, रायपूर
२३ मार्च २०२५

ती. गुलाबदादास,
कलावतीचा सप्रेम जयभीम वि. वि.

बरेच दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखी फक्त भीतीच होती. स्कूलच्या गाडीवर शिकवणारा सचिन मले आंटीजी म्हणतो आणि प्रत्येक वळणावर स्वतःच्या बाजूचा ब्रेक दाबतो. पहिले कितीतरी दिवस मी घरी येऊन आधी उलटी करायची, मग स्वयंपाक. लायसन मिळालं त्या दिवशी कौमुदीताईंनी पेढे वाटले आणि मी त्यांच्याच फाटकात जर्मनवालीले धक्का लावला. बंपरले ओरखडा आहे. यांनी तो पाहिला, बोट फिरवलं.

यांचंच सांगते. डाव्या सीटवर बसणं यायले फार जड गेलं. बूढा तलावाच्या कोपऱ्यावर मी गाडी बंद पाडली, मागून स्कूटरवाले ओरडत होते, आणि हे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून समोर पाहत होते. मी चिडून म्हटलं, बोला ना काहीतरी. तर म्हणे, बोललो तर तू घाबरशील, आणि मी इथं बसून घाबरून राहिलोच आहे, एकजण पुरे. दादा, लग्नाले एवढी वर्षं झाली, या माणसानं मी घाबरतो असं माझ्यापुढे पहिल्यांदा म्हटलं. मी तिथंच, त्या हॉर्नांमध्ये, हसली. मग गाडी सुरू झाली.

दीक्षाले अजून बसवत नाही. ती गॅलरीतून रागानं पाहते. यशदीप म्हणतो, आई, आधी स्वतःवर विश्वास बसू दे. बरोबर आहे त्याचं.

काल आम्ही दोघंच नवा रायपूरच्या रस्त्यावर गेलो. सकाळची वेळ. माझे तळवे घामानं ओले, पदराले पुसून पुसून चालवत होती. हे सांगत होते की प्लांटमध्ये नवीन होते तेव्हा रशियन साहेबाच्या गाडीत एकदा बसायले मिळालं होतं. आणि बोलता बोलता मधेच शब्द थांबला. मी तिरप्या डोळ्यानं पाहिलं. तोच चेहरा. गोळ्यांनी कमी झालं आहे, गेलं नाही.

पाय ब्रेककडे गेला. मग लक्षात आलं, थांबायचं काहून? स्टिअरिंग माझ्या हातात आहे. रस्ता मोकळा आहे. यांचा पट्टा लावलेला आहे. मी डाव्या हातानं यांच्या गुडघ्यावर जरासं थोपटलं, हात परत घेतला आणि तिसऱ्या गिअरमध्ये चालवत राहिली. भीती होती, दादा, नव्हती असं नाही. ती आता रोज बसते आमच्यासंगं. पण मी रडली नाही, आणि गाडी सरळ रेषेत होती.

मग यांनी एक श्वास घेतला. आजूबाजूले पाहिलं. कुठे आलो ते विचारलं नाही, काय झालं ते विचारलं नाही. जरा वेळ कान देऊन इंजिन ऐकलं आणि म्हणाले, कला, केव्हापासून चौथा गिअर मागून राहिली ती, टाक.

मी टाकला.

वहिनीले सांग, उन्हाळ्यात या. स्टेशनवर घ्यायले मी येईन. तुझी छाती धडधडेल, माझीही धडधडेल, पण येईन. धाकट्या बहिणीले असंच रागावत राहा.
तुझी,
कलावती