जीप किती उंच करावी

लोणावळा,
ता. ६ मे १९६८

ती. भाऊ यांस,
हिराचा सविनय जय भीम. वि. वि.

मागच्या पत्रात माझ्या हातून एक चूक झाली आहे, ती आधी दुरुस्त करते. दादांनी आणि गेणू मिस्त्रींनी मिळून जीप वीतभर उंच करायचं ठरवलं, असं मी लिहिलं होतं. तसं ठरलेलं नाही. वीतभर हे दादांचं म्हणणं. मिस्त्री चार बोटांच्या वर जायला तयार नाहीत. लिहिताना दादा समोर बसले होते आणि मी एकेक ओळ त्यांना वाचून दाखवत होते, त्यामुळे त्यांचं म्हणणं हाच निकाल होऊन बसला. पत्र पेटीत टाकलं आणि मला घोर लागला. वीतभराच्या हिशेबानं तुम्ही भुसावळला काही सामान बघून ठेवलं असेल, तर थांबावं.

लष्करी लिलावातून आणल्यापासून जीप अंगणातच आहे. दादा रोज सकाळी तिच्या पोटाखाली आडवे होतात आणि लढाईत ब्रह्मदेशात याहून वाईट गाड्या याहून वाईट चिखलातून कशा काढल्या ते तिथूनच सांगतात. आई चहा घेऊन उभी राहते, तेव्हा तिला फक्त दोन पाय दिसतात.

उंच करण्याच्या तीन वाटा मिस्त्रींनी सांगितल्या. चाकावरच्या स्प्रिंगच्या कमानीत एक जादा पाटा घालायचा, कमानीच्या टोकाला लांब शॅकल, म्हणजे ती टांगायच्या कड्या, लावायचे, किंवा कमान आणि चाकांचा ॲक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे बसवायचे. पाट्यानं गाडी कडक होईल, शॅकलनं डुलेल, आणि ठोकळ्यांवर मिस्त्रींचाच भरवसा नाही. दादा म्हणतात, तिन्ही करू.

मला एवढंच कळतं की वहिनी माहेरी सावरवाडीला आहेत, त्यांचे दिवस आषाढात भरतात, आणि आषाढात तिथला ओढा कसा असतो हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. या खेपेला त्यांना लोणावळ्याच्या दवाखान्यात आणता आलं पाहिजे. म्हणून तुम्ही कारखान्यातल्या जाणत्यांना विचारून नक्की काय ते कळवावं. मी मोजमाप परत घेऊन ठेवते.

आई-दादांचे आशीर्वाद. तब्येतीला जपावं आणि आमची आठवण असू द्यावी.

आपली धाकटी बहीण
हिरा


भुसावळ,
ता. १० मे १९६८

चि. हिरा हीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी दुरुस्ती पोचली. दुरुस्तीत काही चूक असली तर तीही लवकर कळव, म्हणजे मी एकदम निर्धास्त होईन. दादांनी तुला चुलीपुढं बसवून अक्षरं शिकवली, तेव्हा एक अक्षर चुकलं तरी तू सगळी पाटी पुसायचीस. अजून तेच चाललंय. बालवाडीतली पोरं तुला कशी सोसतात कोण जाणे.

आता कामाचं. मी इथं आमच्या फोरमनला आणि वॅगन दुरुस्तीवाल्यांना विचारलं. शॅकल लांब करायचे नाहीत म्हणजे नाहीत. जीप पालखीसारखी झुलेल आणि वळणावर दादांना घेऊन ओढ्यात बसेल. जादा पाटा घाला, पण चारी कमानींत सारखा. ठोकळे बसवायचेच तर मागं बसवा, पुढं नाही. चार बोटं कमी पडतील, वीतभर जास्त होईल. आठ बोटं ठीक. ओढ्याचं पाणी कुठवर चढतं ते दादांना जाऊन बघायला सांग. अंदाजानं काम करू नका.

तू हसशील, पण मला रात्रपाळीत दुसरं काही सुचत नाही. गेल्या आषाढात मी अलीकडच्या काठावर उभा होतो. पलीकडून नंदाचा भाऊ कान्हू हातवारे करून काहीतरी सांगत होता आणि पाण्याच्या आवाजात मला ऐकू येत नव्हतं. सकाळी पाणी उतरलं तेव्हा मूल गेलेलं होतं. त्या वेळी पाण्यात घालता येईल अशी गाडी हवी होती, एवढंच तेव्हापासून डोक्यात आहे.

नंदा बरी आहे ना ते स्वतः जाऊन बघ. तिच्या आईला माझा नमस्कार सांग.

तुझा भाऊ
निवृत्ती


लोणावळा,
ता. १७ मे १९६८

ती. भाऊ यांस,
हिराचा जय भीम. वि. वि.

आपल्या सांगण्याप्रमाणे काल दादा, गेणू मिस्त्री आणि मी सावरवाडीला जाऊन ओढा बघून आलो. जे पाहिलं ते जसंच्या तसं लिहिते. मला काय वाटलं ते शेवटी लिहीन.

ओढ्यात पाणी नाही. दगड तापलेले होते आणि मधल्या खड्ड्यात दोन म्हशी सावली धरून बसल्या होत्या. पाणी कुठवर चढतं हे कळावं म्हणून दादांनी काठावरचं करंजाचं झाड धरलं. त्याच्या फांदीत गेल्या वर्षीचं वाळलेलं गवत अडकून आहे. दादांनी खालपासून तिथवर काठी लावली. मिस्त्रींनी त्या गवताला पाण्याची खूण मानायला नकार दिला, ते वाऱ्यानंही आलं असेल म्हणाले. दादांनी विचारलं, ब्रह्मदेशात कोण गेलं होतं, तू का मी? मिस्त्री म्हणाले, आपण फक्त कामशेतपर्यंत गेलोय, पण गवत वळखतो. बराच वेळ असं चाललं.

तेवढ्यात पलीकडच्या काठावरून वहिनी आल्या. त्यांनी आम्हाला घरातून पाहिलं असावं. हातात ताकाची कासंडी, कमरेला पदर खोचलेला. दगडावरून दगडावर पाय देत, मध्ये एकदा कमरेला हात लावून थांबत, त्या ओढा ओलांडून अलीकडे आल्या. दादांना वाकून नमस्कार करायला निघाल्या, तर दादांनीच नको म्हटलं. सगळ्यांना ताक दिलं. मामंजी, हे काय मोजताय, असं त्यांनी विचारलं. दादा म्हणाले, पोरी, तुला ओढ्यापार आणायला जीप किती उंच करावी लागंल त्येच बघतोय. वहिनींनी बरं म्हटलं, रिकामी कासंडी घेतली आणि आल्या तशा ओढा ओलांडून परत गेल्या.

दादांनी पुन्हा काठी लावली.

भाऊ, मला काय वाटलं ते आता लिहिते. वहिनींना आत्ताच आणलं तर? मी हे परतताना दादांपाशी बोलले. ते म्हणाले की सातव्यात माहेरी गेलेल्या लेकीला दिवस भरायच्या आत उठवून आणायचं म्हणजे तिच्या आईचा, चिमामावशींचा अपमान, आणि तू त्यांना बाळंतपण माहेरीच होईल असा शब्द दिलेला आहेस. (चुकून तू लिहिलं. माफी असावी.) हा शब्द आपण दिलाय हे खरं का? दिला असेल तर तो परत घेता येईल का? चिमामावशींना दोन ओळी लिहाल का? कान्हूनं त्यांना वाचून दाखवायची सोय मी करीन.

पाऊस लागायला अजून अवकाश आहे, पण फार नाही. उत्तराची वाट बघते. माया पातळ होऊ देऊ नये.

हिरा


लोणावळा,
ता. २१ मे १९६८

चि. निवृत्ती यास,
आशीर्वाद. 

काम जोरात आहे. मागची बाजू उंच झाली. जादा पाटा आणि ठोकळे दोन्ही बसले. पुढची बाजू राहिली, कारण गेणू भाच्याच्या लग्नाला नवलाख उंबरे गावाला गेला. तो शनिवारी, एक तारखेला परत येऊन पुढचं करील. तोवर जीप अंगणात पुढं नाक टेकून उभी आहे. येणारेजाणारे काहीबाही विचारतात. मी उत्तर देत नाही.

हिराचं म्हणणं तुला कळलं असेल. ओढा कोरडा असताना सूनबाईला आणावं म्हणते. कोरड्या ओढ्यातून कुणीही आणील. त्याला जीप कशाला पाहिजे? तिला समजाव.

तुझा बाप
धोंडिबा


भुसावळ,
ता. २४ मे १९६८

चि. हिरा हीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. शब्द दिलाय हे खरं आहे. गेल्या खेपेनंतर त्या माउलीनं माझ्यापुढं हात जोडले होते, पुढचं मूल माझ्याच ओट्यावर येऊ दे म्हणून. तिला नाही कसं म्हणणार? कागदावर तर ते लिहिताच येत नाही.

सोबत कमानीचं चित्र काढून पाठवतो आहे. पाट्याची जाडी त्यात दाखवली आहे. गेणूला म्हणावं, पुढच्या कमानी आवळायचे यू-बोल्ट नवेच घे. हे नीट झालं की मग काळजीचं कारण नाही.

तू फार विचार करतेस. जेवत जा.

निवृत्ती


लोणावळा,
ता. २८ मे १९६८

ती. भाऊ यांस,
हिराचा सविनय जय भीम. वि. वि.

चित्र पोचलं. सुबक आहे. दादांनी ते भिंतीला लावलं आहे.

परवा बालवाडीला सुटी होती म्हणून मी एकटीच सावरवाडीला जाऊन आले. जाण्यापूर्वी अंगणात एक करून पाहिलं, तेही सांगते. पोटाला उशी बांधली आणि जीपमध्ये मागून चढायला गेले. पाय पोचला नाही. लुगडं गुडघ्यावर आलं, तरी नाही. आईनं खालून ढकललं आणि आम्ही दोघी हसत हसत मातीत बसलो. दादा लांबून म्हणाले, गाडीचं काम पाण्यातून जायचं, चढायचं काम माणसाचं. पुढची बाजू उंच झाल्यावर पुढूनही चढता येणार नाही. ओढा पार करील अशी जीप होईल, पण जिच्यासाठी ती केली तिला आत बसवणार कसं, ते चित्रात नाही.

सावरवाडीला मी चिमामावशींना सरळ विचारलं. शब्दाचं खरं कारण तेव्हा कळलं. म्हणाल्या, "येक खेप हितं वाया ग्येली. आता दुसरी उचलून तिकडं न्येली, तर लोक म्हन्तील आयच्या हाताला यश न्हाई." आणि त्या शेणानं सारवायला लागल्या, सारवलेल्याच जागेवर. मी म्हटलं, मग हात पण लोणावळ्याला आणा. तुम्ही आमच्याकडे राहा, दवाखान्यातून आल्यावर लेकीला न्हाऊ तुम्हीच घाला, आमची आई फक्त पाणी तापवील. त्यांनी शेणाचा हात बादलीत धुतला. मग विचारलं, तुमच्या घराला आत मोरी हाय का, का भाईर? मी म्हटलं, आत आहे. याला मी होकार समजते. चूक असेल तर ती माझी.

वहिनी दाराशी उभ्या होत्या. मला पोचवायला ओढ्यापर्यंत आल्या. तिथं म्हणाल्या, "वन्सं, गेल्या आशाडात समदे पान्याकडं बघत हुते. या खेपेला जीपकडं बघत्यात. मला आज न्या की." आपल्याला हे कळावं म्हणून शब्द बदलले नाहीत.

त्याच दिवशी नेणं जमलं नाही, कारण सोबत गाडी नव्हती आणि मावशींना कोंबड्यांची सोय लावायची होती. वहिनींचा भाऊ कान्हू दर शुक्रवारी करवंदं आणि आंबे घेऊन बैलगाडीनं मळवली स्टेशनात येतो. तो म्हणाला, पाट्या पुढं सारतो, मागं गवत पसरतो, बैल गरीब आहेत. मळवलीहून पॅसेंजर आहेच. दवाखान्यातल्या नर्सबाईंना मी नाव सांगून ठेवलं आहे.

दादांना मी गुरुवारी संध्याकाळी जेवणं झाल्यावर सांगणार आहे. लपवायचं नाही. पण त्याआधी सांगितलं तर ते ईर्ष्येनं नाक टेकलेली जीप घेऊन निघतील, आणि मळवलीच्या चढाला तिचं काय होईल हे आपण काढलेल्या चित्रावरूनच कळतं.

आपला शब्द मी मोडते आहे. आपण रागावलात तर तो राग माझ्यावर असावा, वहिनींवर नाही. परवानगी मागण्यासाठी हे पत्र नाही, कारण आपलं उत्तर येईपर्यंत दिवस निघून जाईल. दोन दिवसांची रजा मिळाली तर त्यांना भेटायला यावं.

लहान तोंडी मोठा घास झाला असेल, तरी बहिणीला दूर लोटू नये. शुक्रवार, ता. ३१ मे रोजी सकाळच्या पहिल्या गाडीनं मी वहिनींना आणायला जाते आहे.

आपली
हिरा