ड्यूटीचं बटण

ता. ९, शुक्रवार

चिमे,

आशीर्वाद. रागाने देतोय, तरी घे. आई बरी आहे. तुझ्या वहिनीचा गुडघा अजून दुखतोच आहे. झालं घरचं.

आता ऐक. सोमवारी सकाळी डेपोत नेहमीसारखं एक्सेलमधलं बटण दाबलं, तर ड्रायव्हरांच्या ड्यूटीचा तक्ता आलाच नाही. पडद्यावर नुसती लाल पट्टी: ‘मॅक्रो बंद करण्यात आले आहेत.’ म्हणजे बटणामागचा प्रोग्रामच बंद. खिडकीबाहेर ड्रायव्हर ताटकळलेले. शेवटी हातानेच तक्ता मांडला आणि घाईत एकाच माणसाला दोन गाड्यांवर चढवलं. तो म्हणतो, “साहेब, दोन्हींच्या मधोमध बसू का?” सगळा डेपो फिदीफिदी हसला.

मुख्य कार्यालयात फोन केला, तर हुकूम संगणक विभागाचा. म्हणजे तुझा! अगं, आदल्याच दिवशी माझ्या घरी पोटभर जेवलीस, तेव्हा मूग गिळून का बसलीस?

मॅक्रोची भाषा म्हातारी झाली म्हणे. तिच्यातून व्हायरस घुसतात, नवी पोरं ती शिकत नाहीत. कबूल. पण ती मरणार, मरणार हे मी नोकरीला लागल्यापासून ऐकतोय, आणि गाड्या रोज तिच्याच जिवावर सुटत होत्या. जाईल तेव्हा जाईल. तिचं मी सुतक धरणार नाही.

राग वेगळाच आहे. काल स्टोअरकीपर सहज बोलून गेला, “तुमच्या बहिणीने नवी भाषा काय छान शिकवली हो आम्हाला!” स्टोअरवाल्यांना शिकवलंस, तिकीटवाल्यांना शिकवलंस. मग मी काय घोडं मारलं होतं? मॅनेजरला गाठलं. तो खाली बघत म्हणाला, “मॅडमच म्हणाल्या, दादाला आता झेपणार नाही, चारचौघांत फजिती नको. पुढच्या महिन्यापासून त्याला गेटवर बसवा.”

गेटवर! कीव करायला तुला मीच सापडलो?

आणि खरं सांगू? कालपासून त्या नव्या भाषेचे धडे उघडून बसलोय. पहिल्याच धड्यात अडकलोय. डोकं नुसतं भणभणतंय. कदाचित तुझंच बरोबर असेल. भीती वाटते गं. पण ते मला तू सांगायचंस, मॅनेजरने नाही.

रविवारी ये. पहिल्या धड्यापासून शिकव. ओरड, वैताग, कपाळावर हात मारून घे. आणि खरंच नाही झेपलं, तर माझ्या डोळ्यांत बघून सांग. मग गेटवरची खुर्ची मी स्वतः उचलून नेईन.

तुझ्यावर भयंकर चिडलेला, आणि तुझीच वाट बघणारा,
दादा