झाकणाचे दोन स्क्रू

बाळकुम, शुक्रवार

प्रिय वल्लीताई,

फोनवर सांगायला गेले की तू मध्येच "थांब, आधी हे सांग" म्हणतेस आणि मुद्द्याचं राहून जातं, म्हणून लिहितेय. शेवटपर्यंत वाच, मग ओरड.

आधी यंत्राचं सांगते. गॅलरीत मी विजेवरच्या राउटरने नावाच्या लाकडी पाट्या कोरते, त्यातून रंध्यासारखा जाड भुसा निघत नाही, मैद्यासारखी धूळ निघते. ती खाली बसतच नाही. डॉक्टरांनी भाऊंना धुळीजवळ जायचं नाही असं सांगितलं, तू त्यांची हत्यारं गोणपाटात बांधून माझ्याकडे दिलीस, तेव्हापासून मला या धुळीची धास्तीच बसलीय. ती ओढून घेणारं यंत्र निवडायला मी तीन महिने घालवले. माजिवड्याच्या दुकानातले महेंद्रभाई मला बघितलं की विचारतात, "मॅडम, व्हॅक्यूम बघताय की नवरा?" त्यांच्याकडचं मोठं पिशवीवालं यंत्र हवा भरपूर खेचतं, पण राउटरच्या बारीक नळीतून त्याची ओढ कमी पडते, आणि कापडी पिशवीतून सगळ्यात घातक धूळ परत घरात येते. साधा व्हॅक्यूम जोरात ओढतो, पण दहा मिनिटांत त्याचा फिल्टर तुंबतो. तिसरा उपाय म्हणजे व्हॅक्यूमच्या आधी एक झाकणबंद बादली आणि तिच्यावर शंकूसारखं नळकांडं. त्यात हवा गरगरते, भुसा बादलीत पडतो, उरलेली बारीक धूळ चांगल्या फिल्टरला अडते. हेच घ्यायला हवं हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तरी मी कागद भरत बसले. आवाज किती होईल, खालच्या आसावरीकाकू तक्रार करतील का, बादली कुठे मावेल.

खरं कारण वेगळं होतं. यापैकी कुठलंही यंत्र घेतलं तरी राउटरच्या तोंडाभोवती प्लास्टिकचं झाकण बसवावंच लागतं. पाइप त्यालाच जोडतात. आणि ते झाकण भाऊंना चालत नाही.

हो, भाऊ येतात माझ्याकडे. तू ऑफिसला गेलीस की, मंगळवारी आणि गुरुवारी. तुला वाटतं ते वाचनालयात पेपर वाचत बसतात. गोणपाट मी सोडलं नव्हतं, त्यांनीच सोडलं. पहिल्या दिवशी फक्त पटाशीला धार लावतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी माझ्या पाटीवरचं 'क्ष' बघून म्हणाले, "हे काय, उंदराने कुरतडलंय?" आणि राउटर हातात घेतला. निघताना माझ्याकडे अंघोळ करतात, डोकं पुसतात, येतानाचाच शर्ट परत घालतात. कामाचा शर्ट माझ्या दोरीवर वाळतो.

मी तेव्हा झाकण लावून दिलं होतं, घरातला छोटा व्हॅक्यूमही जोडला होता. ते चिडले. "झाकणाआड रेघ दिसत नाही गं. तोंडाला फडकं बांधून कुणी भाकरी खातं का?" तुला आठवतं ना, आपल्या दोघी लेकींना त्यांनी कसं शिकवलं. वीतभर कोरायचं, फुंकर मारायची, रेघ बघायची, मग पुढे. पन्नास वर्षं त्यांचे डोळे त्या फुंकरीच्या मागून चालत आलेत. झाकण लावून त्यांनी एक सागाची पाटी केली आणि रेघ सुटली. अक्षराचं पोटच फाटलं. त्यांनी पाटी उलटी करून ठेवली आणि स्टुलावर बसून राहिले. मला ते बघवलं नाही, ताई. मी पेचकस आणला आणि झाकणाचे दोन्ही स्क्रू स्वतः काढले. त्यांनी सांगितलं नव्हतं. मी काढले.

त्यानंतर ते छान काम करत होते. आनंदात होते. तू म्हणालीस ना, अलीकडे जेवतात नीट. काल मात्र त्यांनी फुंकर मारली आणि खाचेतला भुसा हललाच नाही. पुन्हा मारली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "क्षिपे, तू फुंक जरा." मी फुंकलं. ते पुढे कोरत राहिले, आणि मी पाठमोरी उभी राहिले.

संध्याकाळी तुझा फोन आला. फुप्फुसांच्या तपासणीत आकडे अजून खाली आलेत, गोळ्या लागू पडत नाहीयेत, म्हणून सोमवारपासून जास्त कडक औषध सुरू करायचं डॉक्टर म्हणतात. त्यांनी तुला विचारलं, अजून कुठे धुळीशी संबंध येतो का, आणि तू छातीठोकपणे सांगितलंस की नाही, हत्यारंसुद्धा घराबाहेर काढली. तू हे मला सांगत होतीस आणि मी नुसतं हं हं करत होते.

तू डॉक्टरांशी खोटं बोलली नाहीस. मी तुला खोटं बोलू दिलं. हे पत्र त्यासाठी आहे. गोळ्या कदाचित लागू पडतही असतील, पण आठवड्यातले दोन दिवस मी त्यांना धूळ खाऊ घालत होते, हे डॉक्टरांना ठाऊक नाही. औषध बदलण्याआधी त्यांना हे कळायलाच हवं. वल्लीला सांगणार नाही असा शब्द मी भाऊंना दिला होता. तो आज मोडतेय, आणि हे त्यांना मंगळवारी दार उघडल्यावर नाही, रविवारी घरी येऊन सांगणार आहे. ते माझ्याशी किती दिवस बोलणार नाहीत कोण जाणे. तू त्यांना रागावू नकोस. सोमवारी दहा वाजता मी दवाखान्यात येते. तिथे तू काही बोलू नकोस, मला बोलू दे.

तुझीच,
क्षिप्रा