एकवीस यार्डांची डी

प्रिय वळवी सर,

हे पत्र तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही, हे ठाऊक असूनही लिहायला बसलोय. तुम्ही होतात तेव्हा समोर बसून दोन वाक्यं बोलता आली नाहीत, आणि आता कागद पुढे घेऊन शूर झालोय! हसा, सर. तुम्हाला हसायचा पूर्ण हक्क आहे.

लिहायचं कारण काल घडलं. काल गावानं तुमची शोकसभा घेतली. हो, आपल्याच गावानं! ज्या गावानं सहा वर्षं तुम्हाला धड रामराम केला नाही, त्यानं तुमच्या फोटोला हार घातला. फोटो शाळेच्या गटफोटोतून कापून काढलेला, त्यामुळे तुमच्या खांद्यावर कुणाचा तरी हात तसाच राहून गेलाय. आणि फलकावर तुमच्यापेक्षा मोठा फोटो गावपुढारी छगनआप्पांचा. गेलात तुम्ही, फोटो मोठा त्यांचा!

दोन मिनिटं मौन पाळायचं ठरलं होतं. एक मिनिट पाळलं असेल नसेल, मागच्या रांगेतून आवाज आला, "पन तो डीना बाहेर पडना व्हता, भो!"

लगेच दुसरा म्हणाला, "मन्हाकडे व्हिडिओ शे ना! दखाडू का?"

झालं. माना खाली होत्याच, त्या मोबाईलमध्ये शिरल्या. श्रद्धांजली वाहायला आलेली माणसं, सर, तुमच्या फोटोसमोर उभी राहून तुम्ही दिलेली पेनल्टी पुन्हा एकदा तपासत होती.

तो व्हिडिओ तुम्ही पाहिला होतात का कधी? सात सेकंदांचा आहे. त्यातला अर्धा वेळ कुणाच्या तरी चौकडीच्या शर्टाची पाठ दिसते, उरलेला वेळ धूळ. या धुळीवर गेली सहा वर्षं हे लोक लाल गोल काढताहेत. ज्यांना स्वतःच्या शेताचा बांध कुठं संपतो ते सांगता येत नाही, ते त्या धुळीत आपल्या बॅकचा अंगठा दाखवतात! "युरोपमा ऱ्हाता तं टीव्ही दखीसन निर्णय फिरवता," असं परवा एकजण डेअरीसमोर छातीठोकपणे सांगत होता. हा माणूस सामना चालू असताना उसाच्या रसाच्या गाडीवर होता. मी स्वतः पाहिलाय.

मग छगनआप्पा बोलायला उठले. आप्पांना तुम्ही ओळखताच. आयुष्यात चेंडूला पाय लावला नाही, पण फुटबॉलवर बोलायचं तर पहिला मान त्यांचा. घसा साफ करून म्हणाले, "सर मानूस व्हतात, चुकनात. पन आपला गावनं मन मोठं शे. आपला गावनी सरसले माफ करी टाकं!"

टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या, सर!

पुढे असंही ठरलं की या अक्षय्य तृतीयेपासून आपल्या आखाजीच्या स्पर्धेचं नाव 'वळवी सर स्मृती चषक'. आणि मैदान कोण आखणार? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "रमणभाऊच आखी. त्यानासारखं माप कोनलेच जमत नही." मी मान डोलावली. पुन्हा डोलावली! घरी आलो, आणि तो 'माफ' शब्द घशाखाली उतरेना. म्हणून हा कागद.

माफ कशाबद्दल? या गावाला फुटबॉल दाखवलात तुम्ही. नवापूरकडच्या डोंगरातून खेळाचे मास्तर म्हणून आलात, तेव्हा आमच्या शाळेत एकच चेंडू होता आणि तोही पंक्चर. गव्हाचं शेत मोकळं झालं की तिथं बांबूचे गोलपोस्ट उभे करायचे, चुन्याच्या फक्कीच्या रेषा मारायच्या, आणि आखाजीच्या आठवड्यात ऊन कललं की सामने, ही सगळी घडी तुमचीच. तुम्ही पोरांना जिंकायला शिकवलंत, तेव्हा तुम्ही 'आपले सर' होतात. बांधावरून ओरडणाऱ्यांना हरायलाही शिकवायला हवं होतं. तेवढं राहिलं बघा!

त्या आखाजीच्या अंतिम सामन्याला समोर तळोद्याचा संघ होता. एक-एक अशी बरोबरी. संपायला दोन मिनिटं उरलेली. त्यांचा पोरगा चेंडू घेऊन आपल्या गोलासमोरच्या चौकोनात, डीत घुसला, आपल्या बॅकनं, पंकजनं मागून पाय घातला, आणि तुमची शिट्टी वाजली. तुम्ही क्षणभरही थांबला नाहीत. हात सरळ पेनल्टीच्या खुणेकडे. स्वतःच्या शाळेच्या, स्वतः शिकवलेल्या पोरांविरुद्ध! त्यांनी गोल मारला आणि आपण हरलो.

पाय घातला की नाही, हा वाद कधी नव्हताच. दुसऱ्या दिवशी पंकज स्वतः मला म्हणाला, "पाय मन्हाच व्हता, काका." वाद होता तो डीच्या आत की बाहेर, एवढाच.

पण एवढ्यावर भागेल तर ते आपलं गाव कसलं? अर्ध्या तासात लोकांनी तुमची जात शोधून काढली. इतकी वर्षं ती कुणाला आठवत नव्हती, असं नाही हं. आठवत होती, फक्त बोलायला निमित्त मिळत नव्हतं. तळोद्याच्या संघात डोंगरातली पोरं होती ना! "सर शेवट त्यासनाच," असं पहिल्यांदा कोण म्हणालं ते मला माहीत आहे. काल हारही त्यानंच घातला.

तुम्ही शाळेच्या व्हरांड्यात खुर्चीवर बसला होतात. शिट्टी कुणीतरी ओढून नेलेली. तुम्ही पाणी मागितलंत. जार समोरच होता आणि त्याच्याजवळ चाळीस माणसं उभी होती. त्याच सकाळी घरोघर आम्ही गेलेल्या पितरांसाठी आखाजीची घागर भरली होती, वर आंबा ठेवून, हात जोडून. आमच्या आज्या-पणज्यांची तहान आम्हाला कळते. समोर बसलेल्या जिवंत माणसाची कळली नाही. शेवटी तळोद्याच्या पोरांनी त्यांच्या बाटलीतलं पाणी दिलं, तर त्यावरही म्हणाले, "दखा, दखा!"

जारच्या सगळ्यात जवळ मी होतो, सर.

पुढचं तुम्ही भोगलंतच. दुसऱ्या वर्षी शिट्टी शहाद्याहून आलेल्या माणसाकडे दिली. त्यानं तर दोन सामन्यांत तीन पेनल्ट्या दिल्या, पण त्या आपल्या बाजूच्या, म्हणून तो हुशार ठरला! तुम्ही निवृत्त झालात, तेव्हाही कसं वागलो आम्ही. आपल्या गावात साधा शिपाई निवृत्त झाला तरी शाल-नारळ देऊन, ट्रॅक्टरवर बसवून, वाजतगाजत वेशीपर्यंत पोहोचवतात. तुमच्या वेळी मात्र सगळ्यांच्या शेतात अचानक कामं निघाली. तुम्ही आणि वहिनींनी स्वतःच सामान टेम्पोत चढवलंत. मी तेव्हा पपईच्या बागेत होतो. टेम्पो बागेवरूनच गेला. मी पानांआड झालो.

आता लिहितो ते, ज्याच्यासाठी हा कागद घेतला. बाकी सगळ्यांना एवढ्या शिव्या घातल्या, कारण या वाक्यापर्यंत यायला वेळ हवा होता.

डी मी चुकीची आखली होती.

तुम्ही मला आदल्या दिवशी सांगितलं होतंत, "अठरा यार्ड म्हणजे चौपन्न फूट, रमणभाऊ. टेप आणून देऊ का?" मी म्हणालो, टेप कशाला? पपई लावणाऱ्याला माप शिकवता का, सर! आम्ही खड्डे आखतो ते गाठी मारलेल्या दोरीनं. रोपारोपातल्या अंतराची माझी दोरी सहा फुटी. सहा फुटांवर गाठ, म्हणजे नऊ गाठींत चौपन्न. सोपा हिशोब. ऐटीत आलो, दोरी ताणली, फक्की मारली. पेनल्टीची खूण तेवढी तुम्ही तुमच्या पावलांनी घेतलीत, नेहमीसारखी. तेव्हा जरा थबकून म्हणालात, "डी मोठी वाटते का हो?" मी म्हणालो, "दोरीनं मापलंय, सर. डोळ्याला काय वाटायचं ते वाटो."

सामन्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रॉली झाडताना दोरी हातात आली. ती सहा फुटी नव्हतीच. ओळींच्या अंतराची, सात फुटी होती. दोन्ही दोऱ्या मी एकाच खुंटीवर टांगतो, आणि दोन्हींच्या गाठींना बायकोच्या एकाच जुन्या लुगड्याच्या चिंध्या. नऊ सत्ते त्रेसष्ट.

म्हणजे पंकजनं पाय घातला तो फक्कीच्या दोन पावलं आत आणि खऱ्या अठरा यार्डांच्या एक पाऊल बाहेर. दोन्ही बाजूंच्या डी सारख्याच मोठ्या होत्या, तेव्हा अन्याय कुणावरच नव्हता. मैदानावर जी रेषा आहे ती पाहून तुम्ही शिट्टी वाजवलीत. तुम्ही बरोबर होतात. आणि 'बाहेर व्हता' म्हणणारे ते शहाणेही, आंधळ्यासारखे का होईना, बरोबर होते! व्हिडिओ थांबवून थांबवून मोबाईलच्या काचा झिजवल्या सगळ्यांनी, पण मैदान मोजावंसं एकालाही वाटलं नाही.

एकाला वाटलं. तुम्हाला.

चौथ्या दिवशी मी शेताकडे चाललो होतो, तर तुम्ही एकटेच मैदानात. शाळेची टेप, एक टोक विटेखाली दाबलेलं. फक्की अजून पुसली नव्हती. मला पाहून तुम्ही टेप गुंडाळलीत आणि शांतपणे म्हणालात, "एकवीस यार्ड, रमणभाऊ."

मी काय म्हणालो? "ऊन फार झालंय, सर." एवढंच!

तुम्ही थोडा वेळ उभे राहिलात. मला आज कळतं, तुम्ही वाट पाहत होतात. मी गावात जाऊन एक वाक्य बोलेन, अशी. नंतर "बरं, येतो," म्हणून निघून गेलात.

का नाही बोललो? आपल्या जमिनीवर, आपल्या भाऊबंदांत, मला कोण मारणार होतं? नुसते हसले असते. 'दोरीवाला' म्हणाले असते महिनाभर. त्या महिनाभराच्या हसण्याला मी भ्यालो आणि तुमची सहा वर्षं जाऊ दिली. डेअरीसमोरच्या त्या गप्पांत मीही बसायचो, सर. 'आत की बाहेर' यावर माझं मत विचारायचे, आणि मी विचार केल्यासारखा चेहरा करून म्हणायचो, "सांगनं कठीण शे." छगनआप्पांना मी एवढी नावं ठेवली, पण त्यांना निदान काही माहीत नव्हतं. सगळ्यांत हलकट कोण निघाला, पाहिलंत ना?

एक गोष्ट मात्र तुम्हाला विचारतोच, राग मानू नका. तुम्ही का नाही सांगितलंत? टेप तुमच्या हातात होती! दोघा-चौघांना बोलावून मोजून दाखवलं असतं तर त्याच दिवशी मोकळे झाला असतात. मला वाचवत होतात की माझी परीक्षा पाहत होतात? मास्तर माणूस तुम्ही. पोरगा स्वतः उठून कबूल करेपर्यंत थांबायची सवय. पण मी छप्पन्न वर्षांचा घोडा होतो, सर. माझ्यासाठी कशाला थांबायचं?

असो. थांबलात. आता माझं ऐका.

येत्या रविवारी मी नवापूरला, तुमच्या घरी येतोय. वहिनींना फोन केलाय. कशाला ते विचारलं नाही त्यांनी, "जेवायलाच या," म्हणाल्या. आधी त्यांना सांगेन, त्यांच्या तोंडाकडे बघून. मग आखाजीला, तुमच्या नावाच्या चषकाचा पहिला चेंडू पडायच्या आधी, माईकवर सगळ्या गावाला सांगेन. हे वचन.

आणि मग काय होईल, तेही सांगतो. आधी कुणीतरी फिदीफिदी हसेल. मग छगनआप्पा येऊन माझ्या पाठीवर हात ठेवतील आणि म्हणतील, "व्हस असं, रमणभाऊ. कोना हातथून चूक व्हत नही? चाल, चहा पी."

दोन मिनिटांत माफ, सर! मी त्यांच्यातला ना. तुम्हाला सहा वर्षं लागली, आणि त्यासाठी मरावं लागलं. तेही न केलेल्या चुकीसाठी.

तो चहा मी घेणार नाही. हे दुसरं वचन.

तुमच्या मैदानाची रेषा आखणारा,
रमण