भिंतीकडे तोंड

ती. बाबांना लेकीचा नमस्कार.

शाळेच्या रोबो स्पर्धांचा हंगाम एकदाचा पार पडला आणि मी धडधाकट आहे. आईला म्हणावं, देव पाण्यातून बाहेर काढ.

शेवटच्या फेरीआधी आमचा रोबो जागचा हलेना. चाकाच्या मोटारीची वायर सुटलेली मला लांबूनच दिसली. पण नियम असा, की रोबोला हात मुलांनीच लावायचा. शिक्षकांनी बोलायचंसुद्धा नाही. मी हात मागे बांधले, जीभ दाताखाली धरली. आमची कप्तान, चष्मेवाली, शांतपणे बॅटरी बदलत बसली! माझा जीव टांगणीला.

"बाई, अशा बघू नका हो, टेन्शन येतं," ती म्हणाली. मग मी भिंतीकडेच तोंड केलं. मागे पोरांनी गलका केला तेव्हा वळले, तर पोरांनी ती वायर शोधून जोडली होती आणि रोबो चालत होता. नंबर चौथा आला, पण त्या रात्री मी ढाराढूर झोपले.

लहानपणी मी रेडिओ उघडला, की तुम्ही "दे इकडे" म्हणून स्क्रू ड्रायव्हर काढून घ्यायचात. तो राग आता गेला, बाबा. नुसतं बघत राहणं किती अवघड असतं!

हाताची थरथर कशी आहे? फोनवर तुम्ही "बरी आहे" म्हणालात, पण आई काहीच बोलली नाही. मिक्सर बिघडलाय ना? या वेळी तो तिला उघडू द्या. प्लग तेवढा आधी काढायला सांगा आणि शेजारी बसा. फारच कासावीस झालात, तर भिंतीकडे तोंड करा.

तुमचीच हट्टी,
ताई