बायाइबेच्या गुलाबाला स्थळ हवं

११ फेब्रुवारी, सोमवार

राजधानीच्या वनस्पती-बागेतून बेरिगेते नावाचे तज्ज्ञ आले. मीच पत्र लिहून बोलावलं होतं. अंगणातल्या झाडाला एकच फूल होतं. ते त्यात भिंग घालून बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, कौतुक चाललंय. मग अदबीने म्हणाले, दोन्या एर्सिलिया, हा नर आहे.

मी म्हटलं, हिचं नाव सिस्टर सोलेदाद आहे. गेली बत्तीस वर्षं.

म्हणाले, नावाबद्दल माझी काही तक्रार नाही.

बायाइबेचा गुलाब नावालाच गुलाब, जातीने निवडुंग; त्यात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं असतं, हे मला माहीत होतं. आपलं कोणतं, हे विचारायची गरज वाटली नव्हती. स्वभावावरून कळतच होतं. शांत, काटेरी, वेळच्या वेळी.

आजवर एकेचाळीस फांद्या वाटल्या. शाळा, चर्च, दवाखाना, दाताचे डॉक्टर, पोलीस चौकी. नामशेष होत चाललेलं झाड मी एकटीने वाचवते आहे, असं शाळेत दोनदा भाषणही केलं. बेरिगेते म्हणाले, फांदी लावली की तेच झाड पुन्हा उगवतं. तुमच्या गावात एकेचाळीस झाडं नाहीत, एकच झाड एकेचाळीस ठिकाणी उभं आहे. एक रोग आला की सगळी एकदम जातील. बी धरलं तर काही अर्थ. आणि मग हसून म्हणाले, दोन्या, तुम्ही गावभर पाद्रीच पाद्री उभे केलेत.

दुसरी कॉफी विचारली नाही.

१२ फेब्रुवारी

निश्चय: ईस्टरच्या आत सिस्टर सोलेदादसाठी मादी शोधायची. (नाव बदलणार नाही.)

बेरिगेतेंच्या बागेत मादी झाडं आहेत, पण त्यांच्या फांद्यांसाठी यादी आहे. माझा नंबर यायला तीन-चार वर्षं. मी अडुसष्ट वर्षांची आहे. याद्यांवर माझा विश्वास नाही.

बी धरलं तर पहिलं रोप इगेय शहरातल्या मोठ्या चर्चच्या, बॅसिलिकाच्या, आवारात लावता येईल आणि तिथे नावाची पाटीही बसेल, असं ते जाता जाता म्हणाले होते. मला पाटीबिटी नको. मजकूर मात्र दोन ओळींपेक्षा जास्त नसावा.

अडचण: माझ्या फांदीचं नाही असं झाड गावात एकच. तेही असलं तर. खालच्या गल्लीत. मिरेयाचं.

१४ फेब्रुवारी

बेरिगेतेंनी फोनवर विचारलं, ते झाड तुमच्याच फांदीचं आहे याची खात्री आहे का. मी म्हटलं, शंभर टक्के. चक्रीवादळाच्या दुसऱ्या दिवशी सिस्टर सोलेदादची एक फांदी सुरीने सरळ कापलेली दिसली. वादळाकडे सुरी नसते. तीन महिन्यांनी मिरेयाच्या अंगणात तेलाच्या डब्यात रोप. म्हणे, मामाने होडीतून आणलं. मी तेव्हाच चर्चच्या दारात सगळ्यांसमोर तिला चोर म्हटलं. वीस वर्षं आम्ही बोललेलो नाही.

ते म्हणाले, मग तोही नर. सोडून द्या. मामाने आणलेलं असतं तर आशा होती.

२० फेब्रुवारी

माणसाने आपली मतं अधूनमधून तपासावीत. मिरेयाचा मामा खरंच होडी चालवायचा.

२३ फेब्रुवारी

बेरिगेतेंना कळवलं की खात्री थोडी कमी झाली आहे. किती, म्हणाले. साठ टक्के, म्हटलं.

तिच्या झाडाला आजवर फळ का धरलं नाही, असं विचारत होते. कसं धरेल? कळी उमलली की मिरेया ती कापून चर्चमध्ये मेरीमातेपुढे ठेवते. डाव्या बाजूला. वीस वर्षं मी तत्त्व म्हणून डावीकडे बघितलेलं नाही. बघितलं असतं तर एखाद्या फुलात डोकावता आलं असतं. आता झाड छाटलेलं आहे. नव्या कळ्या ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्याच्या सुमारास.

६ मार्च, राखेचा बुधवार

उपासाच्या चाळीस दिवसांसाठी दोन गोष्टी सोडल्या. कॉफीतली साखर आणि अहंकार.

७ मार्च

साखर पुन्हा सुरू. डोकं दुखत होतं.

१० मार्च, रविवार

खात्री चाळीस टक्के. मी त्या बाईवर अन्याय केला असण्याची शक्यता आहे. हे मला सोयीमुळे नव्हे, विचारांती पटलं.

युक्ती सुचली. या दिवसांत राजम्याची गोड खीर घरोघरी शिजते आणि घरोघरी जाते. एक वाडगा खालच्या गल्लीत गेला तर मी नमले असं कोण म्हणेल? उद्याच.

११ मार्च

मिक्सर सुरू असतानाच वीज गेली. राजमा अर्धवट वाटला गेला. नारळाचं दूध, रताळं, दालचिनी, वरून बिस्किटं, सगळं घालून पाठवली. फ्रेमियो न्यायला तयार झाला. मोटरसायकलवर भाड्याने माणसं नेतो, वाडगाही नेईल. दोन तासांनी परत आला. एवढा वेळ का, तर तिने त्याला जेवायला बसवलं.

मी विचारलं, काय म्हणाली. म्हणाला, वाडगा बघितला आणि विचारलं, कोण गेलं?

अजून?

अजून म्हणाली, राजमा चावावा लागतो ही नवीन पद्धत दिसते.

१५ मार्च

वाडगा परत आला. भरून. तिची खीर. मीठ चिमूटभर जास्त, बाकी बरी. तीन वेळा खाल्ली, नीट पारखायला.

फ्रेमियोला म्हटलं, तिच्या कुंपणावरून डोकावून कळ्या आल्यात का बघ. म्हणाला, दोन्या, गेल्या वेळी मी तिच्या घरी जेवलोय, आता तिच्या घरात डोकावू कसा? या गावात नको तिथे तत्त्व आडवं येतं.

१७ मार्च, रविवार

न्यूयॉर्कहून यानिरिसचा फोन. पोटची मुलगी. तिला सहज सांगितलं की खिरीची देवाणघेवाण झाली. म्हणाली, माहीत आहे, नीनाने सांगितलं. नीना म्हणजे तिची बाप्तिस्म्याची धर्ममाता. म्हणजे मिरेया. दर रविवारी माझ्याशी बोलून झालं की तिला फोन करते. आधी नाही, नंतर. म्हणजे मी काय म्हणाले तेही पोचत असणार.

म्हणाली, मम्मी, सरळ माफी माग ना. मी म्हटलं, विषय झाडाचा आहे. म्हणाली, हो हो, झाडाचाच.

२२ मार्च

क्षमापत्र लिहायला बसले. बोर्डिंगमध्ये सिस्टर इग्नासिया शिकवायच्या, क्षमापत्रात 'पण' हा शब्द येता कामा नये. पहिल्या मसुद्यात चार आले. तीन काढले. चौथा काढला तर वाक्य उभं राहीना.

दुसरा मसुदा: 'तुला जर वाईट वाटलं असेल तर'. फाडला.

लिहिताना उगाच आठवलं. बोर्डिंगच्या पहिल्या महिन्यात घरच्या आठवणीने मी सकाळच्या प्रार्थनेत रडायचे. मिरेया शेजारी उभी राहून मुद्दाम मोठ्याने खोकायची, म्हणजे सिस्टरचं लक्ष तिच्याकडे जाईल. तिला तीनदा शिक्षा झाली. वर खोकल्याचं औषध प्यावं लागलं, तेही कडू, पूर्ण बाटली. तिने कधी बोलून दाखवलं नाही.

याचा झाडाशी संबंध नाही. खात्री दहा टक्के.

२९ मार्च

स्वतःच गेले. निळा पोशाख, कानातले. फ्रेमियोने मुद्दाम हळू चालवली, गावाने बघावं म्हणून.

मिरेया केसांना रोलर लावून ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. म्हणाली, ये, बस, अगं तू जाड झालीस. मी म्हटलं, तू तशीच आहेस. ती म्हणाली, म्हणजे मी आधीपासूनच जाड होते का?

मी मुद्द्यावर आले. तुझं झाड मामाने आणलं असेल तर ती मादी असू शकते, आणि तसं असेल तर दोघांचं जमवता येईल. माझ्याकडे मुलगा आहे, वय बत्तीस, निर्व्यसनी. ती हसली. मला ते हसणं फार ओळखीचं वाटलं. मग शेंगा बाजूला ठेवून म्हणाली, अंगणात कोणालाही येऊ देणार नाही. चर्चच्या दारात बोललीस, चर्चच्या दारात परत घे. लोकांसमोर. पत्र नको, तुझ्या पत्रात 'पण' असतो.

विचार करून सांगते म्हटलं. अशा अटी राजघराणीसुद्धा घालत नाहीत.

५ एप्रिल

जाणार नाही.

८ एप्रिल

बेरिगेते म्हणाले, १६ तारखेला येतो, ब्रश आणि पिशव्या घेऊन. पराग लगेच टाकता येईल. पवित्र गुरुवारपासून सुटी, मग थेट पुढचा महिना, तेव्हा फुलं नसतील.

जाणार. देवासाठी आणि दुर्मिळ वनस्पतींसाठी. तिच्यासाठी नाही.

१४ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

झालं.

मिस्साची प्रार्थना संपली, सगळे हातात झावळ्या घेऊन दारात उभे होते, साठेक माणसं. मी पायरीवर चढले. म्हटलं, वीस वर्षांपूर्वी इथेच मी मिरेयाला चोर म्हटलं. ते खोटं होतं. तिने माझ्या झाडाला हात लावलेला नाही. माझी शाळेतली मैत्रीण असं काही करणं शक्यच नव्हतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. ती मनाची फार चांगली आहे, माझ्यापेक्षा.

शेवटचं वाक्य ठरवलेलं नव्हतं. आपोआप निघालं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं होतं त्यापेक्षा बऱ्याच जास्त. म्हाताऱ्या बायकांनी डोळे पुसले. मिरेया आपल्या चपलांकडे बघत होती. माणूस हळवा होतो अशा वेळी.

एकदाही 'पण' म्हटलं नाही. सिस्टर इग्नासिया असत्या तर.

खात्री शून्य. पाटीवर दोघींचीही नावं घालावीत, माझं आधी.

१६ एप्रिल, मंगळवार

बेरिगेते नऊला आले. माझ्या झाडाचे पराग कागदी पुडीत घेतले, आम्ही दोघं खालच्या गल्लीत गेलो. मिरेयाने दार उघडलं, अंगणात नेलं, कॉफी ठेवली. तिच्या झाडाला दोन फुलं. बेरिगेतेंनी एकात भिंग घातलं. मग दुसऱ्यात. मग पहिल्यात पुन्हा.

नर.

बेचाळीस, एवढंच म्हणाले.

मी म्हटलं, मामाने नर आणला असेल. ते म्हणाले, असू शकेल, पानं नेऊन तपासतो. तेव्हा मिरेया म्हणाली, तपासू नका, उगाच खर्च.

बेरिगेते भला माणूस. पुडी खिशात घातली आणि रस्त्यावर जाऊन गाडीचं टायर बघत उभे राहिले.

मी विचारलं, कधी? ती म्हणाली, वादळाच्या दुसऱ्या दिवशी. तुझ्या घरातलं पाणी उपसायला आम्ही सगळे आलो होतो ना, तेव्हा. तुझ्याच स्वयंपाकघरातली सुरी. बोथट होती, फार वेळ लागला.

मागितली का नाहीस?

मागितली असती तर दिली असतीस. आणि मग रोज येऊन पाणी घातलं का बघितलं असतंस.

मी म्हटलं, मग रविवारी मला बोलू का दिलंस? पायरीवर? सगळ्यांसमोर?

ती कपबशा उचलत होती. म्हणाली, थांबवणारच होते. तू इतकं चांगलं बोलायला लागलीस. माझ्याबद्दल इतकं चांगलं याआधी कोणी बोललं नव्हतं, एर्सी. म्हटलं, संपवू दे तिला.

कॉफी प्यायले. दुसरीही घेतली.

निघताना बेरिगेतेंना सांगितलं, बागेतल्या मादीसाठी यादीत नाव घाला. त्यांनी वही काढली. मी म्हटलं, मिरेयाचंही घाला. माझ्या खाली.

१८ एप्रिल, पवित्र गुरुवार

बी नाही. रोप नाही. यादीत आमचे नंबर सदुसष्ट आणि अडुसष्ट.

एक गोष्ट मात्र सिद्ध झाली. वीस वर्षं मी बरोबर होते. आणि हे कुणाला सांगायची सोय राहिली नाही, कारण रविवारी साठ माणसांसमोर मीच उलट शपथेवर सांगितलं.

न राहवून यानिरिसला फोनवर सांगितलं. म्हणाली, मम्मी, नीनाने मला हे माझ्या लग्नातच सांगितलं होतं. फ्रेमियोला सांगितलं. तो म्हणाला, दोन्या, वादळाच्या दुसऱ्या दिवशी फांदी घेऊन माझ्याच मोटरसायकलवर बसून गेली ती. गावात कोणाला माहीत नाही? म्हणून तर रविवारी एवढ्या टाळ्या वाजल्या. सगळं ठाऊक असून एवढ्या मोठ्या मनाने खोटं बोललात, असं म्हणतात सगळे.

विचार केला. तसंच होतं, असं म्हणायला हरकत नाही.

दुपारी सहज मिरेयाकडे जाऊन आले. ती झाडाला पाणी फार घालते. मी काही बोलले नाही. दोनदाच बोलले.