मामांनी बोट खाली घ्यावे, ही विनंती

चिंचमळा, ता. पलूस, जि. सांगली
रविवार

तीर्थस्वरूप सुभेदार मामा यांस,

मानसिंगचा साष्टांग नमस्कार. (उजवा गुडघा वाकत नाही, म्हणून नमस्कार उभ्यानेच घातला आहे. मी आडवा झालो असे तुम्ही तिकडे साताऱ्यात समजून घ्यावे.) मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याला आता लख्ख दिसत असेल, पहाटेचे फिरणे सुरू झाले असेल, अशी आशा आहे. इकडे तुमची बहीण, म्हणजे आमची आई, आक्का, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही ठणठणीत आहे आणि आम्हाला तसे राहू देत नाही.

पत्रास कारण, आमच्यावर झालेला घोर अन्याय. गेले नऊ दिवस अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी जागेवर नाही. क्रिकेट क्लबने ती बाउंड्री आखायला नेली. मी हायस्कुलात मराठी शिकवणारा चोपन्न वर्षांचा माणूस, आणि माझ्या बनियनी डाळिंबाच्या झाडावर वाळतात. परवा एका बनियनीत मुंगळे होते, हे मला तिसऱ्या तासाला वर्गात कळले. फळ्याकडे तोंड करून मी जे काही केले, त्याला पोरांनी टाळ्या वाजवल्या. हे तुमच्यामुळे झाले असे मी म्हणत नाही. पण मुळाशी तुम्हीच आहात.

यंदा क्लबला पन्नास वर्षे पूर्ण होतात. त्याची स्मरणिका निघणार आहे आणि ती माझ्या गळ्यात पडली आहे. (गावात मराठीचा मास्तर असणे आणि तलावाकाठी धुण्याचा दगड असणे सारखेच. कुणीही येऊन धुऊन घेते.) पहिला लेख ‘भारतात क्रिकेट’ असा आहे. साहेबाने हा खेळ स्वतःच्या करमणुकीला आणला, मुंबईच्या पारशांनी तो आधी उचलला, मग बाकीच्यांनी. साहेब गेला, खेळ मात्र घरजावई होऊन राहिला, आणि घरजावयासारखाच दिवसभर बसून खाऊ लागला. आपल्या गावात आधी तालीम होती. कुस्तीत कोण पडले हे आंधळ्यालाही कळते, त्यामुळे भांडायला काही उरत नाही. क्रिकेटने ती सोय केली. त्र्याऐंशी साली वर्ल्डकप जिंकला तेव्हा सोसायटीच्या रेडिओची तार धरून आप्पासो कडुनिंबावर बसला होता. तार सोडली की आवाज जायचा. तो आजही सांगतो, “कप तिकडं त्यांनी उचलला आसंल, पर इकडं धरलावता मी.” यावर त्याला गावात कुणी हसत नाही. मामा, या खेळाची मुळे किती खोल गेली आहेत हे यावरून कळावे.

आता मुख्य मुद्दा. पस्तीस वर्षांपूर्वीची फायनल. तुम्हाला सगळे ठाऊकच आहे, पण स्मरणिकेसाठी घोटून ठेवलेला मजकूर आहे, वाया कशाला घालवू? सामना ओढ्यापलीकडच्या गावाशी, बक्षीस एक बोकड. आपली शेवटची जोडी, चार चेंडूंत तीन धावा हव्यात. बॅटिंगला मी, समोर आप्पासो, आणि अंपायर तुम्ही. आपल्याकडे बॅटिंग करणाऱ्या संघाचाच माणूस अंपायर असतो. त्यामागे दोन्ही बाजूंचा समजूतदारपणा आहे. तुम्ही तुमच्या बाजूने लबाडी करा, मग आम्ही आमच्या बाजूने करू, हिशेब सरळ. तुम्ही फौजेतून सुट्टीवर आलेले, गावात मान, त्यात माझे सख्खे मामा. याहून भरवशाचा अंपायर ब्रह्मदेवाला घडवता आला नसता. चेंडू माझ्या बॅटजवळून मागे गेला, त्यांच्या धरणेंद्राने यष्टींमागे तो झेलला, ओरडला, आणि तुम्ही बोट वर केले. सख्ख्या भाच्याला! त्या संध्याकाळी ओढ्यापलीकडून बोकडाच्या रश्श्याचा वास आला, आणि आपल्या गावाने पिठलं-भाकरी खाताना तो सहन केला. दोन-तीन म्हाताऱ्यांनी तर वासाला भाकरी लावून खाल्ली म्हणतात.

त्यानंतर तुम्हाला गावाने काय काय म्हटले ते लिहीत नाही. (स्मरणिकेतही घेतलेले नाही, कारण त्यात पाहुण्यांच्या बायकांचे संदेश आहेत.) तुम्ही लग्नाकार्याला येता, अक्षता टाकता आणि परस्पर साताऱ्याची एसटी धरता. भाऊबीजेला आक्काच साताऱ्याला येते. माझे मात्र या प्रकरणात चांगले चालले. अन्याय झालेला माणूस म्हणून पस्तीस वर्षे मला स्टँडवरच्या हॉटेलात चहाला कुणी नको म्हटलेले नाही. आमचे सासरे त्या दिवशी मैदानावर होते. बोट वर गेले तरी पोराने चकार शब्द काढला नाही, खाली मान घालून निघून आला, असा सोशिक जावई मिळणार नाही, म्हणून त्यांनी मुलगी दिली. सौ. अजूनही कुणी नवीन पाहुणा आला की ही गोष्ट पोह्यांबरोबर देते.

तर गेल्या महिन्यात गुंडाने ग्रामसभेत विषय मांडला. (गुंडा हे त्याचे नाव आहे, आता तो क्लबचा सेक्रेटरी आहे, स्वभावाने गरीब.) पाण्याची टाकी गळते हा विषय पुढच्या सभेवर ढकलून मानसिंग आऊट नव्हता असा ठराव हात वर करून मंजूर झाला. ग्रामसेवक म्हणाले, हे पंचायतीच्या अधिकारात बसत नाही. त्यावर आप्पासोने विचारले, “मग काय दिल्लीला जायाचं व्हय?” ओढ्यापलीकडच्यांना ठराव पाठवला. त्यांनीही मोठ्या मनाने कळवले की आमची हरकत नाही, पण ज्याने बोट वर केले त्यानेच मैदानात येऊन ते खाली घ्यावे. मग राहिलेले तीन चेंडू टाकू, जो जिंकेल त्याला बोकड. दोन्हीकडचे जिवंत खेळाडू तयार आहेत. त्यांचा बॉलर आता कीर्तनकार झाला आहे, तो म्हणतो मी हळू टाकीन.

आता अडचण तुमच्या अब्रूची. तुम्ही खोटा निर्णय दिला असे कुणालाही म्हणायचे नाही. कमिटीने मार्ग काढला आहे. तुम्ही तोफखान्यात होता, तेव्हा कानावर परिणाम झालेला असणारच. चेंडू टेनिसचा. तो बॅटच्या कडेला लागला तरी आवाज मांजराच्या पावलाएवढा. ज्या माणसाला जेवायला तीन हाका माराव्या लागत, त्याला तो बावीस यार्डांवरून कसा ऐकू आला? तेव्हा ‘त्या दिवशी मला नीट ऐकू आले नव्हते’ एवढ्या एका ओळीवर तुम्ही सही द्यायची आहे. डोळ्याचे लिहायचे की कानाचे यावर कमिटीत दोन तट होते. मोतीबिंदू पस्तीस वर्षे टिकत नाही, म्हणून कानावर एकमत झाले.

पुरावा पक्का असावा म्हणून मी सांगलीला धरणेंद्राच्या पाइपच्या दुकानात जाऊन आलो. त्याने केळी दिली, चहा दिला आणि म्हणाला, “खरं सांगू गड्या, मला कायबी ऐकू आलं न्हवतं.”

“मग ओरडलास कशाला?”

“आरं, चेंडू हातात आला की ओरडायचंच आसतंय. बायको म्हंती, मी झोपंतबी ओरडतो.”

हेही तो लिहून द्यायला तयार आहे. म्हणजे आता अख्ख्या जगात माझ्या विरुद्ध एकच साक्षीदार उरला, आणि ते तुम्ही.

सरावही सुरू केला होता. अंगणात बॅट घेऊन उभा राहिलो. चेंडू टाकायला कुणी मिळेना म्हणून आक्काला सांगितले. तिने शेंगा फोडता फोडता बसल्या जागेवरून टाकला आणि माझी दांडी, म्हणजे पाण्याची कळशी, उडाली. सौ. म्हणाली, ऊन डोळ्यावर होते. आक्काने चेंडू परत मागितला आणि म्हणाली, “क्रिकेटातलं मला काय कळत न्हाई. पर माजा भाऊ लबाड न्हाई. आन तू म्हंतोस तू आऊट न्हवतास. मग ह्यात लबाड कोन, एवढं सांग.” मी म्हटले, आक्का, या खेळात बारकावे फार असतात. ती म्हणाली, “व्हय. भाऊ पस्तीस वर्सं घरात जेवला न्हाई, एवढं बारीक हाय.” त्यानंतर तिने टाकलेले दोन चेंडू मी सोडून दिले.

असो. पत्र लांबले. सर्वांना यथायोग्य नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि सहीचे तेवढे मनावर घ्यावे.

आपला आज्ञाधारक भाचा,
मानसिंग

ता. क. सहीचा मसुदा सोबत जोडला आहे. शुद्धलेखन तपासले आहे.

दुसरा ता. क. मसुदा सोबत जोडलेला नाही. पाकीट चिकटवण्याआधी आक्काने विचारले, काय लिहिलंस वाच. वाचले. तिने चुलीतले लाकूड पुढे सारले. मसुदा चुलीत घातला.

तिसरा ता. क. मामा, लागला होता. कड नव्हे, चांगला लागला होता. माझ्या मनगटापर्यंत झिणझिण्या आल्या होत्या. मी खाली मान घालून निघून आलो तो सोशिकपणा नव्हता. वर बघितले असते तर तुमच्या नजरेला नजर द्यावी लागली असती. तुम्ही तेव्हाच सगळ्यांना सांगू शकला असता की ‘त्यालाच विचारा’. तुम्ही कधी विचारायला लावले नाहीत.

चौथा ता. क. सौ.ला अजून सांगितलेले नाही. स्मरणिका गुरुवारी छापून येईल, तेव्हा बुधवारीच या आणि मुक्कामालाच या. घरात फौजेतला माणूस असलेला बरा. पान बाराचा मजकूर मीच छापखान्यात देऊन आलो: ‘मानसिंग, झेल धरणेंद्र, धावा अकरा. अंपायरचा निर्णय बरोबर होता.’ आक्काने ही ओळ माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि तुम्ही पूर्वी झोपायचा त्या खोलीतली ज्वारीची पोती हलवायला सांगितली. सात होती. पाच हलवली आहेत, उरलेली दोन हे पत्र टाकून आल्यावर हलवतो.